देवरीत बसून ज्यूंचा इतिहास काहून शिकायचा?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे जसं बोललो, ते शक्यतो तसंच ठेवलंय. नेटवर्क गेलं म्हणून अर्धवट ऐकलेल्यांसाठी आणि ज्यांना वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी.)

कानात हेडफोन असेल तर आवाज थोडा वाढवा, कारण मागे महामार्गावरून रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत राहील. देवरीत रेकॉर्डिंग म्हटलं की तेवढं सहन करा.

आजचा भाग एका मेसेजमुळे केलाय. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं लिहिलं, "दादा, मी इतिहास घेतलाय. मोबाईलवर बघत होते तर परदेशात ज्यू लोकांचा इतिहास, त्यांचं साहित्य आणि धर्म असा अख्खा डिग्रीचा विषय असतो म्हणे. आपल्याकडे असं काही आहे का? आणि घरी सांगितलं तर म्हणतात, का करशील ते शिकून?"

प्रश्न दोन आहेत. हा विषय आपला आहे का? आणि शिकून पोटाचं काय? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, पळवाट न काढता. आधी पहिला घेऊ, कारण त्याचं उत्तर ऐकून तुमच्यातले बरेच जण चकित होतील.

शनिवारचे तेली

आपल्या पूर्व विदर्भात तेली समाज मोठा आहे, ते सांगायला नको. आता कोकणात चला. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा. तिथंही गावोगाव तेलाचे घाणे होते. त्यातल्या काही तेल्यांचा घाणा सोमवारी बंद असायचा, महादेवाचा वार म्हणून. त्यांना म्हणायचे सोमवार तेली. आणि काही तेल्यांचा घाणा शनिवारी बंद. त्या दिवशी ते कामाला हातच लावायचे नाहीत. ते शनिवार तेली.

हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल. आपले मराठी ज्यू. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची मुलं. घरात मराठी, अंगावर लुगडं-धोतर, जेवणात भात, मासे आणि नारळ. आडनावं बघा: किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. गावाच्या नावापुढे 'कर' लावायची पद्धत एकदम कोकणी.

तुम्ही यातल्या काही माणसांना ओळखता, फक्त ते ज्यू होते हे माहीत नसतं. जुन्या 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा आठवतात? अभिनेते डेव्हिड. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजीच्या पुस्तकात निसीम इझिकेल यांची कविता असते. ते मुंबईचे बेने इस्राएल, मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि इंदिरा संतांच्या मराठी कवितांचं इंग्रजी भाषांतर करण्यात त्यांचा हात होता. मुंबईत महालक्ष्मीजवळ डॉ. ई. मोझेस रोड आहे. हे डॉ. मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते.

बेने इस्राएलांशिवाय महाराष्ट्रात बगदादी ज्यूही आले, व्यापारी लोक. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि मुंबईची डेव्हिड ससून लायब्ररी ही त्यांच्याच घराण्याच्या नावाची. पुण्यात कॅम्पमध्ये १८६७ साली पूर्ण झालेलं त्यांचं लाल विटांचं सिनेगॉग आहे. पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर.

तर विषय आपला आहे का? हो. मराठीत जगलेला, मराठीत लिहिलेला आहे.

इतिहास: सांगितलेलं आणि सापडलेलं

विद्यापीठात हा विषय शिकायचा म्हणजे काय करायचं, ते आता याच उदाहरणावरून दाखवतो.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथंच पुरलं. सोबतचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेले लोक गावागावांत पांगले, भाषा विसरले. पण चार गोष्टी टिकल्या: शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि 'शेमा' नावाच्या प्रार्थनेचे शब्द.

हे कधी झालं? हाईम सॅम्युएल केहिमकर हे या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. त्यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्यांचं मत होतं की हे लोक इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास इकडे आले. एक युक्तिवाद असा दिला जातो की बेने इस्राएलांना हनुक्का हा सण ठाऊकच नव्हता. हा सण त्याच्या थोडं नंतर सुरू झाला. म्हणजे सण सुरू व्हायच्या आधीच हे निघाले असणार.

ऐकायला पक्कं वाटतं ना? आता परीक्षेतला प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट माहीत नसणं हा पुरावा होऊ शकतो का? समजा सण माहीत होता आणि शेकडो वर्षांत विसरला गेला, तर? विसरलेला आणि कधी न शिकलेला, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

मग कागद शोधायचे. या समाजाचा स्पष्ट लेखी उल्लेख फार उशिरा मिळतो. १७३८ मध्ये एका मिशनऱ्याच्या पत्रात, आणि १७६८ मध्ये कोचीनच्या एझेकिएल रहाबी या ज्यू व्यापाऱ्यानं ॲमस्टरडॅमला लिहिलेल्या पत्रात. परंपरा असंही सांगते की डेव्हिड रहाबी नावाच्या माणसानं कोकणात येऊन यांना ओळखलं आणि पुन्हा धर्म शिकवला. परंपरा त्याला फार जुना मानते. बरेच अभ्यासक म्हणतात, तो याच अठराव्या शतकातल्या रहाबी घराण्यातला असावा.

आणि मग २०१६ मध्ये जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बेने इस्राएलांच्या वंशात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वाटाही आहे आणि भारतीय वाटाही आहे. म्हणजे 'बाहेरून कोणीतरी आलं' ही आठवण पोकळ नव्हती. पण गलबत, सात जोडपी, नेमकं साल, हे जनुकांतून कळत नाही.

बघा, एकाच गोष्टीकडे किती बाजूंनी बघावं लागलं. लोककथा, सण, पत्रव्यवहार, जनुकं. आपल्या भागात गोंड राजांच्या कथा, देवांच्या कथा आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात. कोणी म्हणतं त्या खऱ्या, कोणी म्हणतं भाकड. इतिहासाचं शिक्षण घेतलेला माणूस विचारतो, ही कथा कोण सांगतंय, कधीपासून सांगतंय, आणि तिच्यातलं काय तपासता येईल? ही सवय कोकणातल्या ज्यूंवर लागली तर देवरीतही उपयोगी पडते.

साहित्य: टाळ, चिपळ्या आणि मोशे

आता साहित्य. ज्यू साहित्य म्हटलं की डोळ्यासमोर हिब्रू ग्रंथ येतात, आणि ते बरोबरच आहे. तनाख म्हणजे त्यांचा बायबल. त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. नंतर तालमूद. तालमूदचं छापील पान एकदा मोबाईलवर बघाच. मधोमध मूळ मजकूर, आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या शतकांतल्या पंडितांच्या टीका. एकाच पानावर हजार वर्षांचं भांडण, आणि ते मिटवायची कोणाला घाई नाही. हे वाचतातही दोघादोघांनी, जोडीनं, एकमेकांना उलटसुलट विचारत. गीतेवर ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरीवर पुढची निरूपणं, अशी परंपरा आपल्याकडे आहे, म्हणून हे समजायला आपल्याला तितकं जड जात नाही.

पण मला सांगायचंय ते मराठी ज्यू साहित्याबद्दल. १८८० च्या सुमाराला मुंबईतल्या बेने इस्राएल तरुणांनी ठरवलं की आपल्या लोकांना धर्मकथा कळायच्या तर त्या कीर्तनातून सांगायच्या. खरंखुरं कीर्तन! उभा कीर्तनकार, साथीला वाद्यं, ओव्या, साक्या, दिंड्या, अभंग. कथा मात्र अब्राहामची, योसेफची, मोशेची. इजिप्तच्या फारोच्या गुलामीतून मोशेनं लोकांना सोडवलं ती कथा मराठी कीर्तनाच्या चालीवर. आपल्याकडे मंडईच्या दिवसांत रात्रभर दंडार आणि झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत गोष्ट कशी पोचते.

आणि पुस्तकं. वल्हांडणाच्या म्हणजे पेसाखच्या रात्री ज्यू घरांत 'हग्गादा' नावाचं पुस्तक वाचतात, इजिप्तमधून सुटकेचं. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये छापला गेला. १८७४ चा पुण्याचा हग्गादा तर जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे, कारण त्यातल्या चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात आहेत. एका बाजूला हिब्रू अक्षरं, दुसऱ्या बाजूला देवनागरी. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. त्या पुस्तकात दोन्ही समोरासमोर येतात.

हिब्रू भाषेची भीती वाटत असेल तर एक गंमत. अक्षरं फक्त २२. शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या मुळापासून बनतात, अरबीसारखे. क-त-ब हे मूळ घ्या. अरबीतून आपल्याकडे 'किताब' आला, 'मकतब' आला. हिब्रूत 'कातव' म्हणजे त्यानं लिहिलं आणि 'मिख्ताव' म्हणजे पत्र. आपण किराणा दुकानात 'हिशेब' म्हणतो, हिब्रूत बिलाला 'हेशबोन' म्हणतात. 'सलाम' आणि 'शालोम' तर तुम्हीच ओळखलं असेल. मराठी माणूस यात अगदीच परका नाही.

धर्म: पोह्यांचा मलिदा

धर्म शिकणं म्हणजे धर्म घेणं नाही, हे आधी स्पष्ट करतो. घरी हा प्रश्न येणारच. विद्यापीठात धर्माचा अभ्यास म्हणजे लोक काय मानतात, का मानतात, काळानुसार ते कसं बदलतं, हे समजणं. शिकणारा कुठल्याही धर्माचा असो, किंवा कुठल्याच नसो.

बेने इस्राएलांकडे सणांना मराठी नावं होती. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण. उपासाच्या मोठ्या दिवसाला दार फाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची, बाहेरच्याशी संबंध नाही. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं खायचं.

नवस फेडायचा असेल, लग्न असेल, तर मलिदा. भिजवलेले पोहे, त्यात नारळ आणि साखर, वर फळं. एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया प्रेषिताची आठवण काढून प्रार्थना म्हणायची आणि मग प्रसादासारखं वाटायचं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे. तिथं एलियाच्या रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या आहेत असं लोक मानतात. तो कोकणातून स्वर्गात गेला म्हणतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात हा मलिदा नाही.

आता इथं अभ्यासकापुढे खरा प्रश्न येतो. हे 'शुद्ध' ज्यू का? की शेजाऱ्यांकडून घेतलेलं? असा प्रश्न विचारणाऱ्यालाच उलट विचारायला पाहिजे, की शुद्ध म्हणजे कुठलं? पोलंडमधल्या ज्यूंनी तिकडचं अन्न उचललं, येमेनमधल्यांनी तिकडचं. कोकणातल्यांनी पोहे उचलले. धर्म माणसं जिथं राहतात तिथल्या भांड्यात शिजतो.

आणि सगळं छान छान होतं असंही नाही. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. एकमेकांत लग्नं होत नसत. आजूबाजूच्या समाजाची जातीची सवय यांच्यातही आली होती. विषय आवडला म्हणून त्यातलं वाईट झाकायचं नसतं.

"कागद दाखवा"

आता जी गोष्ट सांगणार आहे ती देवरीतल्या पोरापोरींना जास्त कळेल.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि बेने इस्राएल तिकडे जायला लागले. इथं त्यांच्यावर कोणी अत्याचार केला म्हणून नाही. त्यांच्या धर्मातली ओढ होती, तिकडे संधी दिसत होती. पण तिकडे गेल्यावर काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या. बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूशी लग्न करत असेल, तर तिच्या आईकडची, आजीकडची वंशावळ शक्य तितकी मागेपर्यंत तपासा. म्हणजे, तुम्ही खरे ज्यू का? पुरावा द्या.

कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवून दिवसाची कमाई सोडणाऱ्या माणसांच्या नातवंडांना हा प्रश्न विचारला गेला. कागद कुठून आणणार? घाण्यावरच्या माणसाच्या आजीच्या लग्नाची कुठं नोंद असते?

आपल्याकडे शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि मग व्हॅलिडिटी. आदिवासी पोराला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. पणजोबा शाळेतच गेले नाहीत, तर दाखला कुठून येणार? हलबा समाजाचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. तिकडे लग्नाचा आणि धर्माचा प्रश्न होता, इकडे आरक्षणाचा आणि खोट्या दाव्यांचाही आहे. पण 'तू जो आहेस म्हणतोस तो आहेस हे सिद्ध कर' हे ऐकल्यावर पोटात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. भारतातून नुकतीच आलेली साधी माणसं. शेवटी इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि सूचनेतून त्यांच्या समाजाचं नाव काढलं गेलं.

या सगळ्यात इतिहासाच्या पुस्तकांचं महत्त्व बघा. बिचारे केहिमकर आयुष्य घालवून आपल्या लोकांचा इतिहास लिहीत होते, तेव्हा त्यांना कोण विचारत असेल, का करशील हे लिहून? पुढे जेव्हा प्रश्न आला की हे लोक कोण, तेव्हा दाखवायला एक ग्रंथ होता. आपल्या भागातल्या किती समाजांचा असा ग्रंथ आहे?

विद्यापीठात हे आधीही शिकवलं गेलंय

हिब्रू आणि महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे, ते १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मराठीतून! त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरं. पण बेने इस्राएलांनी भाषा शिकून घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले, आणि त्यांनी कितीतरी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. हुजूरपागेत शिकलेल्या रिबेका रूबेन १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. मुलगे धरून पहिल्या. नंतर त्या अनेक वर्षं याच कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

१९५० च्या आसपास भारतात वीस हजारांहून जास्त ज्यू होते. आज पाच हजारांच्या आत आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. पण तिथल्या नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. आजी मराठी बोलते, नातू हिब्रू.

आणि इथंच खरी अडचण आहे. ज्यांना हिब्रू येतं त्यांना मराठी येत नाही. ज्यांना मराठी येतं ते हिब्रू शिकत नाहीत. जुने मराठी हग्गादे, कीर्तनं, 'सत्यप्रकाश'सारखी जुनी नियतकालिकं, हे वाचून अर्थ लावणारी माणसं कमी होत चाललीत. परदेशातल्या अभ्यासकाला जी भाषा चार-पाच वर्षं घासून शिकावी लागते, ती तुम्ही आईच्या कुशीत शिकलात. तुमच्या हातात अर्धी किल्ली आधीच आहे.

हिटलर आणि व्हॉट्सॲप

हे टाळून चालणार नाही. बस स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मिळतं. पोरं ते 'शिस्त' आणि 'देशप्रेम' शिकायला घेतात. त्या माणसाच्या राजवटीनं सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यात लहान मुलंही होती. आपल्या आजोबांनी रेडिओ लावला की सुरुवातीला जी आकाशवाणीची धून वाजायची, ती वॉल्टर कॉफमन यांची. ते नाझींच्या भीतीनं मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. तोही या इतिहासाचा भाग.

'घेटो' हा शब्द ज्यूंच्या वस्तीवरून आला. १५१६ मध्ये व्हेनिसमध्ये त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या एका लेखनाला 'भारताच्या घेटोतली मुलं' अशा अर्थाचं शीर्षक दिलं. दूरचा इतिहास त्यांनी कशासाठी वाचला असेल, याचा विचार करा.

आणि आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनबद्दल फोनवर रोज काहीबाही येतं, दोन्ही बाजूंनी. तुमचं मत काय असावं ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो, ज्यू लोक आणि एका देशाचं सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे वेगळेपण समजायला तीन हजार वर्षांचा इतिहास थोडा तरी माहीत लागतो. तीस सेकंदांची रील त्याला पुरत नाही.

बरं, पोटाचं काय?

खरं सांगतो. फक्त या विषयावर नोकरी मिळेल असं समजून घरदार पणाला लावू नका. भारतात अशा जागा मोजक्या आहेत. म्हणून पायरीपायरीनं जा.

पहिलं, बी.ए. इतिहास नीट पूर्ण करा. आपल्या नागपूर विद्यापीठाचीच डिग्री चालते. इतिहास तसाही स्पर्धा परीक्षेला लागतो, बी.एड., नेट-सेटलाही चालतो. म्हणजे दार बंद होत नाही.

दुसरं, मोडी शिका. राज्य सरकारचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मोडी वाचणाऱ्याला कोर्टाच्या, जमिनीच्या आणि हो, जात पडताळणीच्या कागदांसाठीही काम मिळतं.

तिसरं, हिब्रूची अक्षरं फोनवर शिका. पंधरा दिवस रोज अर्धा तास पुरतो. 'सेफारिया' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात तोरा, तालमूद सगळं मूळ भाषेत आणि इंग्रजीसकट आहे. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं खूप जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं ऑनलाइन ठेवली आहेत.

चौथं, एम.ए.ला बाहेर पडा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हिब्रू शिकवली जाते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी विद्यापीठात इतिहास विभागात ज्यू इतिहासाचे अभ्यासक शिकवतात. पुण्यातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांत बायबलची जुनी हिब्रू शिकवतात. परदेशात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हिब्रू आणि ज्यू अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ तर १९२५ पासून आहे.

पाचवं, पैसे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. पण एक बारीक अट लक्षात ठेवा. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ मध्ये असा नियम आला की भारताच्या संस्कृती-इतिहासावरचे विषय परदेशात शिकायला ती मिळणार नाही. म्हणजे 'बेने इस्राएल' असा विषय लिहिला तर अर्ज अडकू शकतो. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि हे सगळं नाही जमलं तरी एक गोष्ट जमेल. केहिमकरांनी जे आपल्या लोकांसाठी केलं, ते तुम्ही तुमच्या गावासाठी करू शकता. चिचगडच्या, ककोडीच्या एखाद्या आजीला फोनचा रेकॉर्डर लावून विचारा, तुमच्या लहानपणी कुठला सण कसा करायचे? नाव काय होतं त्याचं? काय शिजवायचे? गोंडीत सांगू दे, हलबीत सांगू दे, झाडीबोलीत सांगू दे. तारीख आणि गाव लिहून ठेवा. आजी आहे तोवरच हे होतं.

मेसेज पाठवणाऱ्या ताई, घरी विचारलं की का करशील शिकून, तर रागावू नका. त्यांना शनिवार तेल्यांची गोष्ट सांगून बघा. मग कदाचित तेच विचारतील, पुढं काय झालं?

पुढच्या भागात झाडीपट्टीच्या नाटकांतल्या जुन्या संहितांबद्दल बोलू. हा भाग आवडला तर इतिहास घेतलेल्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू. काळजी घ्या.